न्यूरल नेटवर्कची छाटणी: शून्यं भरली म्हणजे मॉडेल लहान होत नाही

पहिल्यांदा छाटणी केली तेव्हा मी मॉडेलचे ९० टक्के वेट शून्य केले. अचूकता जेमतेम घसरली. मोठ्या खुशीत फाइल सेव्ह केली आणि तिचा आकार पाहिला, तर ती आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट झाली होती! वेगही जिथल्या तिथे. दोन दिवस मी बग शोधत बसलो. बग नव्हताच. छाटणीनंतर नेमकं काय कमी होतं आणि काय होत नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमचे ते दोन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. तुम्ही एखादं मॉडेल ट्रेन केलेलं आहे, इपॉक आणि लर्निंग रेट हे शब्द ओळखीचे आहेत, पण छाटणीला, म्हणजे प्रूनिंगला, अजून हात घातलेला नाही, असं धरून चालतो.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- पूर्ण ट्रेन झालेल्या मॉडेलचा चेकपॉइंट. त्याची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या आणि तिला हात लावू नका.
- मूळ ट्रेनिंगचा डेटा किंवा निदान त्याचा बराचसा भाग. छाटलेलं मॉडेल पुन्हा शिकवावं लागतं. डेटा नसेल तर फार खोल कापता येत नाही.
- मूळ ट्रेनिंगची सेटिंग्ज: लर्निंग रेट कसा उतरवला होता, वेट डिके किती, ऑगमेंटेशन कोणतं.
- व्हॅलिडेशन सेट आणि टेस्ट सेट, दोन्ही वेगवेगळे. किती कापायचं हे व्हॅलिडेशनवर ठरवा. टेस्ट सेट शेवटी एकदाच उघडा.
- पायटॉर्चमध्ये छाटणीची साधी हत्यारं आधीपासूनच आहेत. अख्खे चॅनेल (थरातून पुढे जाणाऱ्या आकड्यांचे एकेक संच) काढायचे असतील तर टॉर्च-प्रूनिंग ही लायब्ररी बरीच डोकेदुखी वाचवते.
- मॉडेल शेवटी ज्या यंत्रावर चालणार आहे ते यंत्र. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि यादीतून नेमकं हेच सुटतं.

## १. नेमकं काय कमी करायचंय ते ठरवा

‘मॉडेल लहान करायचंय’ एवढ्याने भागत नाही. फाइलचा आकार, चालताना लागणारी मेमरी आणि उत्तराला लागणारा वेळ या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकीत कपात झाली म्हणून दुसरीत होईलच असं नाही. फोनवर डाउनलोड हलका हवा असेल तर पहिली. बोर्डवर मेमरी पुरत नसेल तर दुसरी. वापरणाऱ्याला ताटकळावं लागत असेल तर तिसरी. एका ओळीत लिहून भिंतीवर चिकटवा; पुढचे सगळे निर्णय त्या ओळीवर अवलंबून आहेत.

याच टप्प्यावर एक नावडता प्रश्नही विचारून टाका: छाटणीची गरज आहे का? झुआंग लिउ आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं, की अख्खे चॅनेल काढून जे छोटं नेटवर्क उरतं, तेच नेटवर्क पहिल्यापासून ट्रेन केलं तरी अचूकता बहुतेक वेळा तितकीच येते. तुमच्या कामासाठी आधीच एखादं छोटं, चांगलं मॉडेल उपलब्ध असेल तर ते आधी वापरून पाहा. आणि ३२ बिटांचे आकडे ८ बिटांत बसवणं, म्हणजे क्वांटायझेशन, हे बहुतेकांसाठी छाटणीपेक्षा सोपं पडतं. फाइल एका झटक्यात जवळपास चौथाईवर येते. मी तरी आता आधी तेच करून बघतो. एवढ्याने भागलं नाही, तर पुढे वाचा.

## २. आधीचे आकडे वहीत उतरवा

अचूकता, वर्गवार अचूकता, फाइलचा आकार, वेटची संख्या, एका इनपुटला लागणारा वेळ. हे सगळं कापायला बसण्यापूर्वी.

वेळ मोजताना दोन चुका हमखास होतात. जीपीयूला काम दिलं की प्रोग्रॅम त्याची वाट न बघता पुढे सरकतो, त्यामुळे घड्याळ लवकर थांबतं आणि मॉडेल विजेच्या वेगाचं वाटतं. मोजण्यापूर्वी आणि मोजल्यावर जीपीयूशी सिंक्रोनाइझ करा. शिवाय पहिल्या काही फेऱ्या मोजणीत धरू नका, त्या वेळी यंत्राची जुळवाजुळवच चाललेली असते.

मूळ मॉडेल जमलं तर तीन वेगवेगळ्या रँडम सीडवर ट्रेन करून बघा. सीड बदलला तरी अचूकता थोडी हलते. ती किती हलते हेच माहीत नसेल, तर छाटणीमुळे झालेली घट खरी की नुसता गोंगाट, हे कशावरून सांगणार?

## ३. सुटे वेट कापायचे की अख्खे चॅनेल?

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

सुटी छाटणी. मॅट्रिक्समधला कोणताही वेट, कुठलाही, शून्य करायचा. यात मॉडेल फार खोलवर कापता येतं. साँग हान आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अॅलेक्सनेट या चित्रं ओळखणाऱ्या मॉडेलचे ६ कोटी १० लाख वेट ६७ लाखांवर आणले, तशाच व्हीजीजी-१६ चे १३ कोटी ८० लाख १ कोटी ३ लाखांवर, आणि इमेजनेट या चित्रसंग्रहावरची अचूकता घसरली नाही. हे आकडे वाचून माझ्यासारखे अनेक जण या वाटेला लागतात.

पण शून्य हाही एक आकडाच आहे. ३२ बिटांचं शून्य फाइलमध्ये ३२ बिटांचीच जागा खातं, आणि नेहमीचा मॅट्रिक्स गुणाकार शून्यालाही इमानदारीत गुणत बसतो. फायदा हवा तर फक्त उरलेले वेट आणि त्यांच्या जागा साठवाव्या लागतात. इथे हिशेब करून पाहा. वेटला ४ बाइट, जागेच्या क्रमांकाला ४ बाइट. म्हणजे अर्धे वेट शून्य केले तरी बचत काहीच नाही, कारण उरलेल्या प्रत्येकाला दुप्पट जागा लागते. क्रमांक ८ बाइटांचे असतील तर दोन तृतीयांश शून्यं होईपर्यंत तुम्ही तोट्यातच. त्यापेक्षा प्रत्येक जागेसाठी एक बिट ठेवून ‘इथे आहे, इथे नाही’ एवढंच नोंदवलं तर ९० टक्के शून्यांवर फाइल साधारण साडेसातपट लहान होते. शून्यं भरलेली फाइल झिप केली तरी बरीच आकसते. म्हणजे डाउनलोडचा प्रश्न सुटतो. वेगाचा सुटत नाही.

रचनेसकट छाटणी. इथे अख्खा फिल्टर (एक चॅनेल तयार करणारा वेटचा गट), चॅनेल किंवा अटेन्शन हेड (भाषेच्या मॉडेलांच्या ट्रान्सफॉर्मर रचनेतला, शब्दांचे संबंध बघणारा एक भाग) काढून टाकायचा. उरतं ते खरोखरच छोटं मॅट्रिक्स, जे सहसा कोणत्याही यंत्रावर जास्त वेगाने चालतं. किंमत अशी, की इतकं खोल कापता येत नाही. अचूकता लवकर ढासळते.

यात टक्केवारी फसवते. २५६ चॅनेल आत आणि २५६ बाहेर असलेल्या ३×३ कन्व्होल्यूशनमध्ये ५,८९,८२४ वेट असतात. दोन्हीकडचे निम्मे चॅनेल काढले तर उरतात १,४७,४५६. ‘५० टक्के कापले’ म्हणता म्हणता तुम्ही ७५ टक्के वेट उडवलेले असतात. कोणाशी तुलना करताना टक्के चॅनेलचे की वेटचे, हे आधी विचारा.

मधला मार्ग. एनव्हिडियाच्या २०२० च्या अँपिअर पिढीपासूनच्या जीपीयूंमध्ये ‘दोनास चार’ अशी सोय आहे: सलग चार वेटपैकी दोन शून्य असले की हार्डवेअर ते गुणतच नाही. गुणाकाराचा वेग कागदावर दुप्पट होतो, अख्ख्या मॉडेलचा मात्र त्याहून कमीच वाढतो, कारण मॉडेलमध्ये मॅट्रिक्स गुणाकाराखेरीज इतरही कामं असतात. तसं जीपीयू हाताशी असेल तर हा पर्याय पाहण्यासारखा आहे, नसेल तर विसरा.

थोडक्यात: वेळ किंवा मेमरी कमी करायची तर रचनेसकट, फक्त फाइल हलकी करायची तर सुटी चालेल.

## ४. कोणाला कापायचं?

सगळ्यात साधा निकष म्हणजे ज्याची किंमत शून्याच्या जवळ तो वेट गेला. फिल्टरच्या बाबतीत त्यातल्या सगळ्या वेटच्या निरपेक्ष किमतींची बेरीज घ्यायची आणि सर्वांत लहान बेरजेचे फिल्टर काढायचे. यान लकून, जॉन डेन्कर आणि सारा सोला यांनी १९८९ सालीच यावर आक्षेप घेतला होता: लहान वेट बिनमहत्त्वाचा असेलच असं नाही, तो काढल्यावर लॉस किती वाढतो ते बघा. त्यासाठी त्यांनी दुसऱ्या क्रमाचे डेरिव्हेटिव्ह वापरले. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. तरी नवशिक्याने आकारमानाच्या निकषापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. तो फुकट आहे, आणि पुढच्या पायरीत नीट शिकवलंत तर चलाख निकषांचा फायदा पुष्कळदा विरून जातो.

बायस आणि बॅच नॉर्मचे (थरांमधले आकडे सरासरीने समतोल ठेवणाऱ्या भागाचे) वेट सुट्या छाटणीत कापू नका. ते इतके थोडे असतात की मिळत काही नाही आणि बिघडतं बरंच.

## ५. कोणता थर किती सोसतो ते तपासा

सगळ्या थरांना सरसकट एकच टक्केवारी लावणं ही पहिली चूक. सगळ्या मॉडेलचे वेट एकाच रांगेत उभे करून खालचे कापणं ही दुसरी. थरागणिक वेटचं आकारमान वेगळं असतं. सरसकट रांगेत एखादा बारीक थर पुरता साफ होतो, तिथून पुढे माहिती जातच नाही, आणि मॉडेल नाणं उडवून उत्तरं दिल्यासारखं वागू लागतं. अशा रांगेची पद्धत वापरायचीच असेल तर प्रत्येक थरात किमान इतके वेट राहिलेच पाहिजेत, अशी तळाची मर्यादा घाला.

तपासणी सोपी आहे. एक थर घ्या, बाकीचे तसेच ठेवा. त्यातले ३०, ५०, ७०, ९० टक्के वेट कापून व्हॅलिडेशनवरची अचूकता नोंदवा. पुन्हा शिकवू नका, नुसतं मोजा. मग पुढचा थर. एका दुपारचं काम आहे, आणि त्यातून निघणारा आलेख पुढचे कित्येक दिवस उपयोगी पडतो. चित्रांच्या मॉडेलमध्ये पहिला थर सहसा नाजूक निघतो, शेवटचा वर्गीकरणाचा थरही जपावा लागतो. मोबाइलनेटसारख्या मॉडेलमधले डेप्थवाइज थर (प्रत्येक चॅनेलवर वेगळा फिल्टर चालवणारे) मुळातच रोडावलेले असतात, त्यांच्या अंगावर छाटण्यासारखं मांसच नसतं.

त्याच वेळी वेट बसलेत कुठे, तेही मोजा. व्हीजीजी-१६ च्या १३ कोटी ८० लाखांपैकी १० कोटींहून अधिक वेट एकाच थरात आहेत, पहिल्या फुली कनेक्टेड थरात. जुन्या पेपरांतले तेरापट कपातीचे आकडे का आले ते यावरून कळतं. मॉडेलच लठ्ठ होतं. आजच्या आटोपशीर मॉडेलकडून तशी अपेक्षा धरू नका.

ट्रान्सफॉर्मरमध्येही हाच हिशेब आधी करावा. बर्ट-बेस या भाषेच्या मॉडेलमध्ये १२ थर आणि प्रत्येकात १२ हेड, म्हणजे १४४ हेड. पॉल मिशेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं, की यातले बरेच हेड काढले तरी फारसं बिघडत नाही. लोक उत्साहाने हेड कापायला धावतात. मीही धावलो. पण एका हेडमध्ये साधारण दोन लाख वेट. निम्मे हेड काढले तरी ११ कोटींपैकी दीड कोटीही जात नाहीत. फीड-फॉरवर्ड थरांत मात्र साडेपाच कोटींहून अधिक वेट बसलेत. कापायचं तर तिथे.

## ६. थोडं कापा, शिकवा, पुन्हा कापा

एकदम ८० टक्के कापून मग शिकवणं आणि टप्प्याटप्प्याने ८० पर्यंत जाणं, यात निकालाचा फरक मोठा पडतो. जोनाथन फ्रँकल आणि मायकेल कार्बिन यांच्या लॉटरी तिकिटांच्या (मोठ्या नेटवर्कमध्ये दडलेलं, एकट्याने नीट शिकणारं छोटं नेटवर्क शोधण्याच्या) प्रयोगांत दर फेरीला उरलेल्यांपैकी २० टक्के काढले जात. त्या हिशेबाने पाच फेऱ्यांनंतर सुमारे ३३ टक्के वेट उरतात आणि दहा फेऱ्यांनंतर ११ टक्क्यांच्या आत.

इतक्या फेऱ्यांना वेळ नसेल तर मायकेल झू आणि सुयोग गुप्ता यांची २०१७ ची पद्धत घ्या. एकाच ट्रेनिंगमध्ये सुरुवातीला भराभर कापायचं, मग हात आखडता घ्यायचा. लक्ष्य ८० टक्के असेल तर पाव वाट सरेपर्यंत ४६, अर्ध्यावर ७० आणि पाऊण वाटेवर ७९ टक्के. सुरुवातीला कशालाच न लागणारे वेट पुष्कळ असतात, शेवटी एकेक मोलाचा, म्हणून ही चाल.

इथले सापळे:

लर्निंग रेट फार कमी ठेवणं. छाटणीनंतर मूळ ट्रेनिंगच्या शेवटच्या, अगदी बारीक लर्निंग रेटने शिकवायची सवय सगळ्यांना असते. अॅलेक्स रेंडा, फ्रँकल आणि कार्बिन यांनी २०२० मध्ये दाखवलं की लर्निंग रेटचं मूळ वेळापत्रकच पुन्हा चालवलं तर निकाल जास्त चांगला येतो. माझाही अनुभव तोच. मॉडेल ‘बरं होत नाही’ असं वाटलं की आधी हे तपासा.

कापलेले वेट पुन्हा जिवंत होणं. मास्क (कोणते वेट कापलेत हे सांगणारी ० आणि १ ची जाळी) काढून टाकला आणि मग शिकवलं, तर ग्रेडियंट शून्यांना हळूहळू परत भरतो. अचूकता सुंदर वाढते, कारण छाटणीच उरलेली नसते! प्रत्येक इपॉकनंतर शून्यं मोजून छापत जा.

जुना ऑप्टिमायझर. चॅनेल प्रत्यक्ष काढल्यावर थरांचे वेट नवीन असतात, ऑप्टिमायझर मात्र जुन्याच वेटना कवटाळून बसतो. मॉडेल शिकत नाही आणि एररही येत नाही. छाटणीनंतर ऑप्टिमायझर नव्याने बनवा.

बॅच नॉर्मची शिळी सरासरी. चॅनेल गेले की पुढच्या थरांत येणाऱ्या आकड्यांचं वळण बदलतं, पण बॅच नॉर्म जुनीच सरासरी धरून बसतो. काही शे बॅच ट्रेनिंग मोडमध्ये, ग्रेडियंटशिवाय, नुसत्या पुढे चालवा. निव्वळ एवढ्यानेही गेलेली अचूकता थोडीफार परत येते.

रेसिड्युअल जोडण्या. रेसनेटमध्ये दोन वाटांची बेरीज होते, तेव्हा दोन्हीकडचे चॅनेल एकाच क्रमाचे कापावे लागतात. हाताने करायला गेलात तर रडकुंडीला याल. टॉर्च-प्रूनिंग हे परस्परावलंबन स्वतः शोधून काढतं.

## ७. फाइल सेव्ह करताना

माझी दुप्पट झालेली फाइल इथली. पायटॉर्च छाटणी करताना मूळ वेट तसेच ठेवतो आणि शेजारी तितक्याच आकाराचा मास्क ठेवतो. तसंच सेव्ह केलं की दोन्ही फाइलमध्ये जातात. शिकवणं पूर्ण संपलं की ‘रिमूव्ह’ हे फंक्शन चालवा. नाव वाचून वाटतं की छाटणी पुसली जाईल. पुसला जातो तो फक्त मास्क, आणि शून्यं वेटमध्ये कायमची बसतात. नाव कोणी ठेवलं कोण जाणे.

मग सुटी छाटणी असेल तर शून्यं वगळून साठवा किंवा फाइल झिप करा. रचनेसकट छाटणी असेल तर वेटबरोबर नवी रचनाही जतन करा. जुन्या रचनेच्या कोडमध्ये छोटे वेट लोड होणार नाहीत.

क्वांटायझेशन करायचं असेल तर ते यानंतर. हान यांच्याच पुढच्या कामात छाटणी, मग क्वांटायझेशन, मग हफमन कोडिंग (वारंवार येणाऱ्या आकड्यांना कमी बिट देणं) या क्रमाने अॅलेक्सनेटची फाइल २४० मेगाबाइटवरून ६.९ वर आली होती.

## ८. सरासरीवर विश्वास ठेवू नका

एकूण अचूकता अर्ध्या टक्क्याने घसरली, म्हणजे सगळीकडे अर्धा टक्का घसरली असं नाही. सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं की छाटणीचा फटका काही मोजक्या वर्गांना आणि विरळ, अवघड नमुन्यांना जास्त बसतो, आणि सरासरीत तो लपून जातो. दुसऱ्या पायरीत वर्गवार आकडे लिहून ठेवा म्हटलं ते यासाठीच. माझ्या एका मॉडेलमध्ये एकूण घट नगण्य होती, पण सगळ्यात कमी नमुने असलेला वर्ग जवळपास ओळखूच येईनासा झाला होता. मूळ मॉडेल आणि छाटलेलं मॉडेल कुठल्या उदाहरणांवर वेगळं उत्तर देतात ती यादी काढा आणि ती उदाहरणं डोळ्यांनी बघा.

## ९. भाषेच्या मोठ्या मॉडेलचं काय?

इथे पुन्हा शिकवणं बहुतेकांच्या आवाक्यात नसतं, म्हणून वाट वेगळी. एलियास फ्रँटार आणि डॅन अलिस्टार यांच्या २०२३ च्या स्पार्सजीपीटीने १७५ अब्ज वेटचं मॉडेल एकाच जीपीयूवर साडेचार तासांच्या आत निम्म्याहून अधिक छाटलं, पुन्हा न शिकवता. त्याच वर्षीची वांडा ही पद्धत त्याहून सोपी आहे: वेटची किंमत गुणिले त्या वेटकडे येणाऱ्या इनपुटचं आकारमान, हा गुणाकार लहान तो कापायचा. मॉडेलमध्ये काही इनपुट फार मोठे असतात. त्यांना जोडलेला वेट लहान असला तरी कामाचा असतो, हे यात पकडलं जातं.

या दोन्हींना थोडा नमुना मजकूर लागतो, प्रयोगांत १२८ तुकडे वापरले होते. मजकूर तुमच्या खऱ्या वापरातल्या भाषेचा आणि विषयाचा घ्या. कोणते वेट वाचतील ते त्यावरूनच ठरतं. आणि केवळ परप्लेक्सिटी (पुढचा शब्द ओळखताना मॉडेल किती गोंधळतं त्याचं माप) बघून खूश होऊ नका, प्रत्यक्ष कामं देऊन तपासा.

## १०. खऱ्या यंत्रावर चालवा

मॉडेल एक्सपोर्ट करा, ज्या यंत्रावर ते राहणार आहे तिथे न्या, दुसऱ्या पायरीतले सगळे आकडे पुन्हा घ्या. ६४ चे ६१ चॅनेल केल्याने वेग वाढण्याऐवजी कमी झालेला मी पाहिला आहे. हार्डवेअरला ८ किंवा १६ च्या पटीतले आकडे आवडतात, म्हणून चॅनेलची संख्या त्या पटीत ठेवा. आकडे मनासारखे आले तर टेस्ट सेट उघडा, एकदाच.

काही महिन्यांनी नवा डेटा येईल आणि मॉडेल पुन्हा ट्रेन करावं लागेल. तेव्हा छाटलेल्या मॉडेलवर नवं शिकवायला बसू नका, त्यात नवं सामावायला जागा कमी असते. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली ती पहिली प्रत काढा, तिच्यावर ट्रेन करा, आणि मग पुन्हा पहिल्या पायरीपासून.